अंतारामचा चहा

दिपालीने बर्फाचे खडे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळले, पुरचुंडी ओट्यावर दाबून धरली आणि बत्त्याने ठोकायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीतला कूलर मोठ्याने घरघरत होता, तरी त्यातूनही बर्फ फुटल्याचा आवाज प्राचीला ऐकू गेला.

"मम्मी, मेरे में बर्फ ज्यादा."

दिपालीने "हो" म्हटलं. सात वर्षांच्या मुलीने दोनदा सांगण्याची गरज नव्हती. या घरात कोणाला चहा कसा लागतो, हे दिपालीला लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून पाठ होतं.

दुर्गजवळ उतईच्या या घरात मे महिन्यात चहा गार करून प्यायचे. शेजारचे हसत. पाहुणे पहिल्यांदा पेला हातात घेऊन दचकत, मग कोणी नावाजत, कोणी गुपचूप अर्धा ठेवून देत. दुपारीच पातेलंभर कोरा चहा उकळायचा, गाळायचा, निवला की फ्रिजमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे पेले भरायचे. प्राचीला गुलाबाचं सरबत घातलेला, चहा कमी, बर्फ जास्त. सिंधुताईंना, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, दात शिवशिवतात म्हणून बर्फ नको, सुंठ मात्र हवी. धाकटा दीर सुजय याला पुदिना, लिंबू आणि पेल्याच्या तळाशी न विरघळता उरेल इतकी साखर. सासऱ्यांना गुळाचा, वर लिंबू पिळलेला, काठोकाठ बर्फ घातलेला. सासूबाईंची अशी काही आवड नव्हती. पातेल्यात जे उरेल ते त्या पेल्यात ओतून घेत.

आणि प्रवीणला बिनसाखरेचा. काळं मीठ, लिंबू, बस. कडू जहर लागायचा. त्याच्या पेल्यातला घोट दुसरं कोणी घेत नसे.

प्रवीण जाऊन वर्ष उलटलं होतं. तापाचं निमित्त झालं, आठवडासुद्धा लागला नाही. वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झालं, म्हणून या महिन्यात सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस करायला हरकत नाही असं सिंधुताईंनी गोंदियाहून फोनवर ठरवून टाकलं. सासरे, सुखराम, स्वतः नको म्हणत होते. त्यांचा जन्म खरा पावसाळ्यातला, धानाच्या रोवणीतला. ही मे महिन्यातली तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली. पण पोलादाच्या प्लांटच्या नोकरीत ती तारीख चालली, निवृत्ती त्याच तारखेवर झाली, तेव्हा वाढदिवसही तोच. सिंधुताई दोन दिवस आधी येऊन दाखल झाल्या. सुजय रायपूरला एका खाजगी कंपनीत होता, तो शनिवारी रात्री आला. अलीकडे तो दर शनिवारी येत होता.

मधल्या काळात दिपालीचं बहुतेक सगळं एका शब्दावर भागत होतं. ती पद्मनाभपुरातल्या शाळेत शिकवायला जायची. मुख्याध्यापकांनी पाचवी काढून तिसरीचा वर्ग दिला, तेव्हा ती म्हणाली, चालेल. प्रवीणची मोटरसायकल विकायची का, असं सासऱ्यांनी अडखळत विचारलं, तेव्हाही चालेल. भाजीवाला म्हणाला, आज भेंडी नाही, दोडकी आहेत. चालेल. त्या शब्दामागे राग नव्हता की दुःख. तो तोंडातून बाहेर पडायचा आणि समोरचा माणूस समाधानाने निघून जायचा. तिला तेवढंच पुरे होतं.

आज दुपारीही तसंच झालं होतं. आंब्याच्या रसासोबत सरगुंडे करायचे होते. सिंधुताई आणि ती मागच्या पडवीत बसून काडीवर पिठाची वळी गुंडाळत होत्या. सासूबाई, पंचफुलाबाई, आत डाळ वाटत होत्या. सिंधुताईंनी आधी आत डोकावून पाहिलं, मग आवाज खाली आणला. म्हणाल्या, तू अजून तरणी आहेस. पोरगी लहान आहे. उद्या बाहेर कुठं लग्न झालं तर पोरीचं काय होईल, आणि नाहीच झालं तर तुझं काय होईल? सुजय घरचा आहे. चार वर्षांनी लहान आहे, पण त्याला कोण विचारतं. मी त्याच्याशी बोलले, तो नाही म्हणत नाही. आणि या घराला हे काही नवीन नाही.

नवीन नव्हतंच. दिपालीला ते ठाऊक होतं, साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. पंचफुलाबाई या घरात आल्या त्या सुखरामच्या बायको म्हणून नव्हे. थोरला भाऊ अंताराम, त्याच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. अंताराम प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीपाशी कामाला होता. गावी गेला असता बांधावर साप चावला आणि गेला. लेकरू नव्हतं. तेव्हा सिंधुताईंनीच पुढाकार घेऊन दोन वर्षांनी लहान असलेल्या दिराशी पंचफुलाबाईंचा पाट लावून दिला. पुढे प्रवीण झाला, बऱ्याच वर्षांनी सुजय. संसार चांगला झाला, असंच सगळे म्हणत. सुखराम बायकोला कधी 'अगं' म्हणाले नाहीत. अजूनही 'तुमी' म्हणत. नव्या पिढीला त्याचं फार कौतुक होतं.

"मंग काय सांगू सुखरामले?" सिंधुताईंनी विचारलं होतं.

"चालेल," दिपाली म्हणाली होती, आणि काडीवरून सरगुंडा सोडवून तिने ताटात ठेवला होता.

सिंधुताईंनी पदराने डोळे टिपले, पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. दिपालीला त्यांच्या खांद्यावरून अंगणातला पेरू दिसत होता. त्याची पानं उन्हाने मिटून गेली होती. संध्याकाळी पाणी घालायला हवं, एवढं तिच्या मनात आलं.

तिने बर्फाचा चुरा पेल्यांमधून वाटला. ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा केक कापून झाला होता. दुर्गहून सुजयने आणलेला पाइनॲपलचा केक. सुखरामांच्या कपाळावर सासूबाईंनी लावलेलं कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलं होतं. प्राचीने त्यांच्या मिशीला क्रीम लावलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नव्हतं. जेवणाची ताटं मांडून ठेवली होती. सिंधुताईंचा नेम होता, आधी चहा, मग जेवण, म्हणजे उन्हाने गेलेली भूक परत येते.

दिपालीने एकेक पेला दिला. सुजयपुढे पुदिन्याची काडी खोचलेला पेला धरला, तर त्याने हात पुढे केला नाही.

"वहिनी," तो म्हणाला. घसा साफ केला. "मले आजपासून भाऊसारखा दे."

पंचफुलाबाई ताटात मीठ वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. सिंधुताईंनी मान खाली घालून सुंठेचा घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दिपालीला दिसलं. हे आधी ठरलेलं होतं. निदान दोघांच्या बोलण्यात आलेलं होतं.

"बरं," दिपाली म्हणाली. पुदिन्याचा पेला तिने तसाच परत नेला.

आत येऊन तिने नवा पेला घेतला. काळ्या मिठाची बाटली वर्षभरात उघडली गेली नव्हती. झाकण घट्ट बसलं होतं. तिने ते ओट्याच्या कडेवर आपटून सैल केलं. मीठ चिमटीत घेतलं, लिंबू पिळलं, चहा ओतला. चमच्याने ढवळलं. हात आपले काम करत होते. डोळ्यांत पाणी येईल, असं तिला वाटलं. ती थोडी थांबलीसुद्धा, पण आलं नाही. मग तिने पेला उचलला.

सुजय पाटावर ताठ बसला होता. त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात अर्धा केला. त्याची मान आखडली, डोळे किंचित मिटले गेले. लहानपणी त्याला काढा पाजताना तो असाच करायचा, असं सासूबाई एकदा सांगत होत्या. त्याने पेला खाली ठेवला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, चांगला झाला आहे.

त्याच्याकडे दिपाली पाहत नव्हती. ती सासऱ्यांकडे पाहत होती, कारण तेही सुजयकडेच पाहत होते. त्यांच्या हातात गुळाचा पेला होता. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, आणि मग तसाच खाली घेतला. मिशीवरचं क्रीम वितळून ओघळत होतं. ते पुन्हा सुजयकडे बघू लागले. सुजयने दुसरा घोट घेतला, या वेळी लहान, आणि गिळायला त्याला वेळ लागला.

सिंधुताईंनी आपला पेला रिकामा करून बाजूला ठेवला. पदर सावरला. आज चांगला दिवस आहे, सगळे जमले आहेत, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. प्रवीण गेला ते काही आपल्या हातात नव्हतं, पण मागं राहिलेल्यांचं पाहणं आपल्या हातात आहे. मी दोघांशीही बोलले आहे, सुजयच्याही तोंडून ऐकलं आहे आणि दिपालीनंही आज दुपारी...

"ताई, थांब जरा," सुखराम म्हणाले.

सिंधुताई थांबल्या. भावाने आजवर त्यांना बोलताना अडवलं नव्हतं.

सुखरामांनी गुळाचा पेला जमिनीवर ठेवला. नुसता ठेवला नाही, हाताने थोडा दूर सरकवला. बर्फ त्यात अजून तसाच होता.

"मले चहा पायजे," ते म्हणाले. "गरम."

प्राचीला हसू आलं. "आबा, इतनी गर्मी में?"

"हो, बेटा."

पंचफुलाबाईंनी मिठाची वाटी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, तब्येत ठीक नाही का? पोटात दुखतंय का?

"तब्येत बरी आहे." सुखराम फरशीकडे पाहून बोलत होते. "मले गरमच आवडते. पयलेपासून."

हे ते एवढ्या हळू म्हणाले की कूलरच्या आवाजात ते सगळ्यांना ऐकू गेलं की नाही, दिपालीला कळलं नाही. पण सासूबाईंना गेलं होतं. गुळाचा गार चहा अंतारामचा होता. कोक ओव्हनची शिफ्ट करून आलेल्या माणसाला गरम पेला हातात धरवत नसे, म्हणून नव्या नवरीने सुरईत ठेवून चहा गार करायला सुरुवात केली. घरातली ही चाल तिथून पडली. सुखराम तर प्लांटच्या टाइम ऑफिसात होते, आयुष्यभर पंख्याखाली बसले. पाट लागला त्या दिवशी संध्याकाळी पंचफुलाबाईंनी त्यांच्यापुढे तोच पेला ठेवला होता आणि त्यांनी तो संपवला होता. हे सासूबाईंनीच दिपालीला कधीतरी गहू निवडता निवडता सांगितलं होतं. तेव्हा त्यांच्या बोलण्यात समाधान होतं. भाऊ भावावर गेला, आवडसुद्धा एकच, असं त्या म्हणाल्या होत्या.

पंचफुलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दिपाली पुढे झाली, मी करते म्हणाली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एक हात चौकटीला होता.

"साखर किती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"दोन चमचे." सुखराम म्हणाले. "आन् तुमच्याकडं अद्रक असन, तं थोडंसं."

परक्या घरी पाहुणा बोलतो तसं ते बोलले. पंचफुलाबाई आत वळल्या.

सिंधुताईंना आता राग आला होता. त्या म्हणाल्या, हे काय खूळ काढलं आज? एवढी वर्षं पीत आला आहेस. मी काय बोलत होते आणि तू कुठं घेऊन गेलास. सुखरामांनी हातरुमालाने मिशी पुसली, कपाळ पुसलं. कुंकू रुमालावर उतरलं. मग पहिल्यांदाच त्यांनी बहिणीकडे नीट पाहिलं.

"तेव्हाबी तूच इचारलं होतं, ताई. मी हो म्हणलं होतं."

"मंग? वाईट झालं का तुमचं काही?"

"वाईट नाही झालं." त्यांनी रुमालाची घडी घातली. "पर मी अजून त्याईच्या घरात राहून राहिलो. दादाच्या." मग ते धाकट्या मुलाकडे वळले. "सुजय, थो गिलास ठेव खाली."

सुजयने पेला खाली ठेवला.

दिपाली आत गेली. सासूबाई ओट्यापाशी आलं किसत होत्या. किसणीवर बोटं घासली जातील इतकं किसून झालं होतं, तरी त्या थांबल्या नव्हत्या. दिपालीने त्यांच्या हातातून किसणी काढून घेतली. चहा वर येत होता. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मले वाटलं, याईले आवडते," पंचफुलाबाई म्हणाल्या.

दिपालीने किसणी ओट्यावर ठेवली.

"त्याचा चेहराबी मले आता दिसत नाही. अंतारामचा. लगन झालं तेव्हाचा फोटोबी नव्हता. कवापासून दिसत नाही." त्यांनी आलं पातेल्यात टाकलं. "याईले आवडते म्हनून करून राहिली होती मी. आन् याईले वाटलं असन, मी त्याची आठवण काढून राहिली."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. भाजीला मीठ जास्त पडलं असं सांगावं, तसं सांगितलं. चहा उतू जायला आला तशी दिपालीने गॅस बारीक केला. घरात दोन माणसं चाळीसेक वर्षं एकमेकांसाठी तिसऱ्याचा चहा पीत आणि पाजत होती, आणि ती स्वतः दहा वर्षं त्यांना तो भरून देत होती. हात किती तयार झाला होता तिचा.

सासूबाईंनी तिच्याकडे न बघता विचारलं, "ताईले तू हो म्हणली का?"

"चालेल म्हटलं."

"थे हो नाही होत."

कप घ्यायला त्यांनी वरच्या फळीकडे हात नेला. घरात कप होते, पण पाहुण्यांसाठी, आणि उन्हाळ्यात ते कोणी काढत नसे. त्यांनी एक काढला, पदराने आतून पुसला. चहा गाळताना थोडा बशीत सांडला.

"मले तं कोनं इचारलंबी नव्हतं," त्या म्हणाल्या. "याईले इचारलं. मले सांगतलं."

त्यांनी कपबशी दिपालीच्या हातात दिली.

दिपाली बाहेर आली. प्राची आत्याआजीच्या मांडीवर रेलून पेल्यातला बर्फ बोटाने फिरवत होती. दिपालीने सासऱ्यांपुढे कप ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी त्याच्यावर चेहरा नेला आणि वाफ घेतली. मग ती सिंधुताईंकडे वळली. तिने ठरवलं होतं असं नव्हे. ट्रेमधले रिकामे पेले उचलायला ती वाकली होती, आणि वाकल्यावाकल्याच बोलली.

"आत्या, दुपारी मी जे म्हटलं, ते धरू नका. मला सुजयभाऊजींशी लग्न नाही करायचं."

स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. शाळेत वर्गात बोलते तेवढाच तो मोठा होता, पण घरात तो बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता.

सिंधुताईंचं तोंड उतरलं. त्यांनी प्राचीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला, पुन्हा ठेवला. त्या वाईट नव्हत्या. प्रवीणच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर बसलेली ती एकटी बाई होती, आणि वर्षभर दर रविवारी फोन करून दिपालीशी बोलणारीही तीच. त्या म्हणाल्या, मी माझ्यासाठी करत होते का? मग तू काय करणार आहेस? अशीच राहणार आहेस जन्मभर? दुसरीकडे जायचं आहे का?

"माहीत नाही, आत्या," दिपाली म्हणाली.

सिंधुताई म्हणाल्या, उद्याच्या गाडीने मी निघते. सुखराम म्हणाले, रस उरला आहे, संपवून जा. त्यावर त्यांनी ताट मात्र जवळ ओढलं.

सुजय अजून तसाच बसला होता. दिपालीला वाटलं, त्याला अपमान वाटला असेल, आपण सगळ्यांसमोर बोललो. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे खांदे खाली आले होते. शनिवारी बसमधून उतरताना दोन पिशव्या घेतलेला माणूस दिसतो, तसा तो आल्यापासून दिसत होता. आता कोणीतरी पिशव्या घेतल्या होत्या. त्याने उरलेल्या अर्ध्या पेल्याकडे बोट दाखवलं.

"वहिनी, यात साखर टाकली तं चालन का?"

"नका टाकू. मीठ आहे त्यात," दिपाली म्हणाली. "दुसरा आणते."

सुजय हसला. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता हसला आणि मग त्याने मान फिरवली. डोळे पुसायला त्याला बराच वेळ लागला. भाऊ गेल्यापासून त्याला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. थोरल्याच्या जागी उभं राहायचं म्हणून तो घरात आल्या क्षणापासून कामाला लागला होता. प्राची उठून त्याच्यापाशी गेली आणि 'काका, केक खाओगे?' म्हणून विचारू लागली.

जेवणं झाली. सरगुंडे चांगले झाले होते. सुखरामांनी दोनदा रस घेतला. कोणी त्या विषयावर पुन्हा बोललं नाही. सिंधुताई फक्त एवढंच म्हणाल्या की रसाला जायफळ कमी पडलं. सुखराम आणि सुजय अंगणात खाटा टाकायला गेले. तिथून काहीतरी घासल्याचा, खाटेचा पाय अडल्याचा आणि बापलेकांच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते.

दिपाली आत आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. समोर चहाचं पातेलं होतं. गरम चहा उरला होता. त्यांनी तो पुन्हा तापवला असावा, कारण वाफ निघत होती.

"बस," त्या म्हणाल्या.

ती बसली. पंचफुलाबाईंनी पातेल्यातला चहा दोन वाट्यांमध्ये वाटला. मोजून नाही, अंदाजाने. आपल्या वाटीतला एक घोट त्यांनी घेतला, तोंडात थोडा वेळ धरला आणि गिळला. चव ओळखीची नसल्यासारखं केलं. मग दुसरा घेतला.

"असा चांगला लागते," त्या म्हणाल्या. "मायच्या घरी असाच राहे."

घामाने दोघींचे पदर पाठीला चिकटले होते. स्वयंपाकघरात कूलरची हवा येत नव्हती. दिपालीने वाटी उचलली. ती कशी उचलावी, किती थांबावं, याचा विचार तिने केला नाही, आणि मोठा घोट घेतला.

जिभेच्या टोकापासून घशापर्यंत चटका बसला. तिने वाटी झटकन खाली ठेवली. तोंड उघडं टाकून तिने श्वास घेतला, आणि डोळ्यांत पाणी आलं. ते चटक्यानेच आलं होतं. ते पुसायला तिने पदर उचलला, पण पुसून झालं तरी ते येतच राहिलं.

"पोळलं, आई," ती म्हणाली.

"हो," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी तिची वाटी आपल्याकडे ओढली आणि सावकाश फुंकर घालत बसल्या.